हत्तीचा कान कुणी नेला?

१

"हत्तीचा कान गेला," असं म्हणत अण्णा पत्रेवाले रस्त्याच्या मधोमध येऊन उभे राहिले, तेव्हा मी समोरच्या माझ्या नटबोल्टच्या दुकानाचं शटर अर्धंच वर केलं होतं. मी तसाच वाकून बाहेर पडलो. ते शटर पुरतं वर करायचं त्या दिवशी राहूनच गेलं. गिऱ्हाइकांनी दिवसभर वाकून वाकून नटबोल्ट नेले. त्यातल्या एकाची जुनी पाठदुखी त्याने कायमची गेली आणि तो अजून मला दुवा देतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हत्तीचा कान खऱ्या हत्तीचा नव्हे. तो पत्र्याचा एक फर्मा, अण्णांच्या वडिलांनी कापलेला. शिंप्याकडे बाहीचा कागद असतो ना, तसा. नव्या पत्र्यावर तो ठेवायचा, कडेने रेघ मारायची, कापायचं, वाकवायचं, की बेकरीच्या धुराड्याचा गळा तयार. खाली भट्टीवर बसायला चौकोनी, वर नळीत जायला गोल. फर्म्याचा आकार असा की तो भिंतीवर टांगलेला बघून नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "बाकीचा हत्ती कुठे ठेवलात?"

कान गेला तर नवा आखावा, असं कुणीही म्हणेल. पण आमच्या गावातल्या सगळ्या जुन्या भट्ट्या एकाच गवंड्याने बांधल्या, आणि तो गवंडी होता तिरळा. प्रत्येक धुराड्याचं भोक वीतभर डावीकडे, आणि त्याच्या हाताखाली शिकलेले अजूनही तसंच पाडतात. एकदा चुकून त्याने मधोमध भोक पाडलं, तर घरच्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं. हा तिरकेपणा पत्र्यात पकडताना अण्णांच्या वडिलांनी एवढा पत्रा वाया घालवला की तेवढ्यात अख्ख्या बाजारावर छप्पर झालं असतं. शेवटी जमला तो हा एक कान. त्याची नक्कल कुणी काढली नाही, कारण हत्तीला काय होणार आहे, असं सगळ्यांना वाटायचं.

आणि तो गेला नेमका त्या दिवशी. बेकरीवाल्या बाईंची नवी भट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी पेटायची होती. गळा संध्याकाळपर्यंत बसवायचा होता आणि तो करायचा होता धाकटीने, म्हणजे अण्णांच्या लेकीने, एकटीने. अण्णांनी सगळ्यांसमोर शब्द दिला होता: "गळा बसला तर दुकान तिच्या हातात. नाही बसला तर कारखानेवाल्याच्या कागदावर सही." कारखानेवाला म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या कारखान्याचा मालक. त्याला अण्णांचं दुकान यंत्रांसकट आणि गिऱ्हाइकांसकट गिळायचं होतं.

धाकटी दारात उभी होती. हातात पत्र्याची कात्री, आणि कापायला काहीच नाही.

"पोलिसांना बोलवा," मी म्हणालो.

"पोलीस काय करतील?" अण्णा म्हणाले. "हत्तीचा कान म्हटलं की जंगलखात्याकडे पाठवतील."

तेवढ्यात शेजारच्या शिलाईच्या दुकानातून एक बाई बाहेर आल्या. गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्यांच्या फटीतून त्या म्हणाल्या, "कुणी कशाला हात लावू नका. मी येते."

२

ही मावशी. धाकटीची सख्खी मावशी, अण्णांची मेहुणी. तिचं डोकं असं की माणूस दुकानात शिरण्याआधी ती त्याची छाती मापायची आणि तो बाहेर पडेपर्यंत त्याच्या मनातलं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या विजारीचा खिसा बघून तिने सांगितलं होतं की याचं लग्न ठरलंय. ते त्यालाही संध्याकाळी कळलं.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका बाजूला पत्रा वाकवायचं यंत्र, मधे मोठं लोखंडी टेबल, पलीकडे पत्रा गोल करायचा हाताचा रोलर. कोपऱ्यात काचेची लहानशी खोली, तिथे थोरला, म्हणजे अण्णांचा मुलगा, फोनवर ऑर्डरी घेत बसायचा. मागच्या दारापाशी बोळात चहाची शेगडी.

या दुकानाचे दोन कायदे होते. पहिला: सकाळी जो आधी येईल त्याने चहा टाकायचा. दुसरा: ज्या पत्र्यावर खडूची खूण तो कामाचा, त्याला हात लावायचा नाही, ज्यावर खूण नाही तो उरलेला तुकडा, ज्याला हवा त्याने घ्यावा. त्यामुळे या घरात विकतची वस्तू दिसायची नाही. केराचं सुपडं पत्र्याचं, दिव्याची टोपी पत्र्याची, अण्णांच्या चष्म्याची पेटी पत्र्याची. चष्मा तेवढा काचेचा, तोही नाइलाजाने.

मावशीने मागच्या बोळात शिरून तिथलं दार हलवून पाहिलं. मग पुढच्या दाराचं कुलूप पाहिलं, धड होतं. खिडकीचे गज पाहिले. गजांमधून मांजर गेलं असतं, तेही उपाशी. ज्या खिळ्यावर कान टांगायचे तो खिळा रिकामा होता आणि त्याभोवती भिंतीवर कानाच्या आकाराचा स्वच्छ डाग उरला होता.

"रोलर काल चालला होता का?" मावशीने विचारलं.

"नाही," धाकटी म्हणाली. "काल दिवसभर नुसतं कापकाम होतं."

रोलरवर धूळ होती, पण मधोमध एक रुंद पट्टा पुसून निघाला होता. मावशी खाली बसली आणि टेबलाखालून तिने दोन बारीक खिळे उचलले, डोकं उडालेले. रिव्हेट, म्हणजे दोन पत्रे जोडणारी खीळ, बंदुकीने मारला की पत्र्यात डोकं बसतं आणि असा खिळा तुटून खाली पडतो.

"काल रिव्हेट मारले होते?"

"एकही नाही. आणि झाडून मगच मी गेले होते."

मावशीने ते दोन खिळे आपल्या टाचण्यांच्या डबीत टाकले. एवढ्यात वेल्डर चहा घेऊन आला. सगळं गाव त्याला ठिणगी म्हणायचं, कारण तो वेल्डिंग करत नसतानाही उडायचा. मी घोट घेतला आणि माझी जीभ पोळली.

हे मी नोंदवून ठेवतो, कारण त्या दुकानात मी वर्षानुवर्षं चहा पीत आलो होतो आणि तो कधीही कोमटापलीकडे गेला नव्हता. बोळातला वारा शेगडीची ज्योत आडवी करायचा. हिवाळ्यात तर तिथे चहाऐवजी सरबतच व्हायचं.

"आज काय, शेगडी बदलली?" मी विचारलं.

"तीच आहे," ठिणगी म्हणाला. "पण आज पठ्ठी सरळ जळतेय."

मावशीने कप ओठांपाशी नेला आणि तसाच थांबवला. मग ती एवढंच म्हणाली, "कान या दुकानाबाहेर गेलेला नाही."

३

अण्णा तोवर खुर्चीत बसून कारखानेवाल्याने दिलेलं पेन शोधत होते. मावशी म्हणाली, "भावोजी, पेन राहू द्या. संध्याकाळ व्हायची आहे. मी एकेकाला विचारते. नटबोल्टभाऊ, तुम्ही माझ्याबरोबर बसा."

मला बसवण्याचं कारण असं की माझ्यासमोर लोक मोकळं बोलतात. मी कुणाला सांगितलं तरी कुणी विश्वास ठेवत नाही.

पहिली धाकटी. माझ्या दुकानातल्या खोक्यांवर आम्ही बसलो.

"काल मीच शेवटी कुलूप लावलं," ती म्हणाली. "कान खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवला होता. सकाळी आल्या आल्या आखायचा म्हणून. सकाळी आले तर दार उघडं, टेबल रिकामं. मला वाटलं अण्णांनी कुठे हलवला."

"अजून काहीतरी आहे," मावशी म्हणाली. "तुझी नखं आज पांढरी आहेत. पत्र्यावाल्यांची नखं पांढरी कधी असतात?"

धाकटीने हात पाठीमागे नेले. "मावशी, अण्णांना सांगू नकोस. त्या कानावर आजोबांच्या काळापासूनची काजळी होती. आणि जुन्या खडूच्या खुणा. मला वाटलं, माझं पहिलं मोठं काम, तर कान नीट करावा. राखेनं घासला, धुतला आणि पालथा वाळत ठेवला. नवा कोरा दिसत होता."

"आजोबांची काजळी धुतलीस," मी म्हणालो.

"म्हणून तर सांगू नका म्हणते. अण्णा त्या काजळीला हात जोडतात."

मग ठिणगी आला. मावशीने त्याला विचारलं की सकाळी तो आला तेव्हा दार उघडं होतं का.

"उघडं होतं. अण्णा आत असतील म्हणून मी थेट चहाच घेतला."

"चहा तू टाकलास ना?"

"मी कशाला टाकू? केलेला होता, तोही कडकडीत. अण्णांनी टाकला असणार. पण एवढा चांगला झाला म्हटल्यावर अण्णांनी टाकला नसणार, असंही वाटलं."

"आणि शेगडीपाशी नवीन काही दिसलं?"

ठिणगीने हात उडवले. "बाई, पत्र्याच्या दुकानात नवीन काय दिसणार? रोज काहीतरी नवीन दिसतंच. परवा मी ज्या खुर्चीवर बसलो ती आदल्या दिवशी पेटी होती."

"धाकटीकडे दुकान गेलं तर तुला चालेल?"

"मला? मी तर तिला वेल्डिंगचा चष्मा लावून चालायला शिकवलंय. पडायची, पण डोळे कधी दुखले नाहीत." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "थोरल्याला विचारा. दुकान विकावं असं कोण म्हणतं? तोच. आणि आज त्याच्या बोटाला पट्टी आहे."

४

थोरला काचेच्या खोलीत बसला होता. आम्ही गेलो तेव्हा तो ऑर्डर लिहून घेत होता, आणि उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला पट्ट्या असल्यामुळे त्याची अक्षरं पाय मोडल्यासारखी पडत होती. मला कळेना, माणूस एवढा त्रास का काढतोय. मग आठवलं, थोरला डाव्या हाताने फक्त डोकं खाजवतो.

"हाताला काय झालं?" मावशीने विचारलं.

"पाव कापताना लागलं."

"बरं. सकाळी केव्हा आलास?"

"सगळ्यांच्या नंतर. आरडाओरडा झाल्यावर."

"दुकान विकावं असं तुला वाटतं?"

थोरल्याने पेन खाली ठेवलं. "मावशी, लपवायचं काय. मी विकू या म्हणत होतो. मला या कामातलं काही येत नाही. लहानपणी मी एक बादली केली होती, आठवतं? अण्णांनी पाणी भरून पाहिलं आणि सगळ्यांना बोलावून सांगितलं, आमच्या थोरल्याने चाळणी केली. त्यानंतर मी पत्र्याला हात लावला नाही. दुकान छोटीचं झालं तर मी इथे कोण? फोन उचलणारा. पण तिचा गळा बसू नये असं मला वाटत नाही. कान मी घेतला नाही. शेवटचा पाहिला तेव्हा तो खिळ्यावर होता, काळाकुट्ट."

त्याचा चेहरा खरा होता. पण बोलताना तो पट्ट्या लपवत होता.

एवढ्यात गाडी थांबल्याचा आवाज आला. कारखानेवाला स्वतःच आला होता, बगलेत फाइल, चेहऱ्यावर दुखवट्याला शोभेल असं गोड हसू.

"अण्णा, ऐकलं," तो म्हणाला. "वाईट झालं. पण काळजी नको. तुमचा तो गळा माझ्या कारखान्यात कॉम्प्युटर काढेल."

"तिरळेपणासकट?" अण्णांनी विचारलं.

"तिरळेपणा मोजायला माझी माणसं लावू. बाईंची भट्टी चार दिवस उशिरा पेटेल, एवढंच. तोवर तुम्ही सही करा."

मावशीने त्याला खुर्ची दिली आणि त्याच्या कोटाकडे बघितलं. "काल तुम्ही इथे आला होता. कान बघत होता."

"बघत होतो, बाई. एवढी विचित्र गोष्ट बघावीशी वाटतेच. पण मी चोरेन कशाला? मला कान नको, मला अख्खं दुकान हवंय, आणि ते मी उघड्यावर मागतोय."

"खरं आहे," मावशी म्हणाली. "शिवाय तुमचा हा कोट तुम्हाला काखेत काचतोय. हात वर करता येत नाही तुम्हाला. टेबलावरचा पत्रा उचलणं दूरच, फळीवरचं बिस्कीट तुम्ही काढू शकणार नाही. संध्याकाळी या, मोकळा करून देते."

कारखानेवाल्याने हात न हलवताच मान डोलावली. म्हणजे तोही सुटला. मग उरलं कोण?

५

दुपार झाली. धाकटीने फर्म्याशिवाय आखायला घेतलं होतं. एक पत्रा कापला, वाकवला, आणि गळा झाला खरा, पण भोक उजवीकडे गेलं. त्या गवंड्याच्या आत्म्याला काय वाटलं असेल देव जाणे. तिने दुसरा पत्रा टेबलावर घेतला. कपाळावर घाम, ओठ घट्ट. थोरला काचेतून तिच्याकडे बघत होता.

"पुरे, पोरी," अण्णा म्हणाले. "आजोबांना जे जमायला निम्मं आयुष्य गेलं ते तुला एका दुपारी कसं जमेल? शब्द म्हणजे शब्द. आण रे ती फाइल."

कारखानेवाल्याने फाइल उघडली. अण्णांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," मावशी म्हणाली. तिने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. हे मी तिला आयुष्यात प्रथमच करताना पाहिलं. तिच्या लग्नातही त्या तोंडात होत्या असं म्हणतात. "माझा एकच प्रश्न आहे. सगळ्यांना. सकाळचा चहा कुणी टाकला?"

तिने आधी ठिणगीकडे बोट केलं.

"ठिणगीला वाटलं भावोजींनी. भावोजी, तुम्ही टाकलात?"

"मी? मला वाटलं लेकीने टाकला."

"आणि मला वाटलं ठिणगीकाकांनी," धाकटी म्हणाली.

"म्हणजे केटली आपली आपण उठली," मावशी म्हणाली. "या दुकानात जो पहिला येतो तो चहा टाकतो. चहा होता, म्हणजे कुणीतरी पहिलं आलं होतं. इथे उभा असलेला प्रत्येक जण म्हणतो मी पहिला नव्हतो. एक जण खोटं बोलतोय. चोर असता तर त्याने चहा टाकला असता का? चोर आपली घाई सोडून चार जणांसाठी आलं ठेचत बसत नाही. म्हणजे हा माणूस चोरी करायला आला नव्हता. तो काहीतरी चांगलं करायला आला होता, आणि ते त्याला लपवायचं होतं."

अण्णांच्या हातातलं पेन हवेत होतं. शाईचा एक थेंब कागदावर पडला, नेमका सहीच्या जागी.

६

"आता ऐका," मावशी म्हणाली. "काल रोलर चालला नाही, तरी त्याच्यावरची धूळ पुसली गेलीय. काल रिव्हेट मारले नाहीत, तरी दोन तुटके खिळे पडलेत. म्हणजे आज सकाळी कुणीतरी एक पत्रा गोल केला आणि त्याची दोन टोकं जोडली. कात्री चाललीच नाही, कारण खाली कापाचा एक कपटाही नव्हता. ज्याला कापायची भीती वाटते त्याने असा तुकडा निवडला जो आहे तसा चालेल. बरोबर, थोरल्या?"

थोरल्याने पट्टीवाला हात खिशात घातला.

"पाव कापताना लागलं म्हणालास. सुरी तू उजव्या हातात धरतोस. मग कापलं तेही उजव्याच हाताला कसं? अंगठा आणि पहिलं बोट, आतल्या बाजूने. पत्र्याची कड चिमटीत धरली की असं कापतं. आणि ते फक्त नवख्याला कापतं."

"दादा?" धाकटी म्हणाली.

"मी कान घेतला नाही," थोरला म्हणाला. कान मात्र त्याचे लाल झाले होते. "शपथेवर सांगतो. मी फक्त शेगडीला आडोसा केला. छोटीचं आज मोठं काम. मला वाटलं, निदान चहा तरी तिला गरम मिळावा. टेबलावर एक नवा तुकडा पडला होता, लख्ख, खडूची खूण नाही. खूण नाही म्हणजे कुणाचाही. म्हणून घेतला. मग हात कापला, तर पट्टी आणायला गेलो आणि मागाहून आल्यासारखा आलो. नाहीतर अण्णांनी आडोशात पाणी भरून पाहिलं असतं."

ठिणगी हसायला लागला आणि धाकटीकडे बघून थांबला. तिने तोंडावर हात ठेवला होता.

"तो तुकडा," ती म्हणाली. "अण्णा, मी काल कान धुतला. आजोबांची काजळी. घासून लख्ख केला आणि पालथा वाळत ठेवला."

मावशी मागच्या बोळात गेली आणि कापडाने धरून तो आडोसा घेऊन आली. गोल, गुडघाभर उंच, आतून थोडा काळवंडलेला. मघाशी आम्ही सगळ्यांनी त्याला पाहिलं होतं आणि एकालाही काही वाटलं नव्हतं.

"रोज भिंतीवर बघता तुम्ही याला," मावशी म्हणाली. "पण आडवा, काळा, सपाट. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीसुद्धा शिवलेली बाही बघून तिचा कागद सांगू शकत नाहीत. पत्र्याचं आणि कापडाचं एकच आहे, भावोजी. दोन्ही सपाट मापायचं आणि गोल घालायचं."

"आणि ही खाच," धाकटी म्हणाली. कानाच्या मुळाशी जी खाच होती ती शेगडीच्या चावीसमोर येईल अशी थोरल्याने फिरवली होती.

"मला वाटलं, नशीब, तयारच आहे," तो पुटपुटला.

अण्णा उठले. मी दोन पावलं मागे सरलो. अण्णांचा राग असा की एकदा ते गल्लीत ओरडले तर माझ्या दुकानातल्या बोल्टांवरचे नट आपोआप सैल झाले. त्यांनी चष्मा लावला, आडोसा हातात घेतला, फिरवला, सांध्यावरून अंगठा नेला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर.

"कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. काचेतून दिसतं. तुम्ही रोज करता."

अण्णांनी आडोसा उजेडाकडे धरला. बराच वेळ बघितलं.

"रिव्हेट सरळ आलेत," ते म्हणाले.

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी एकदाच ऐकलं होतं, तेही ते स्वतःबद्दल बोलत असताना.

७

मग जी धावपळ झाली ती बघायला अर्धी गल्ली जमली. ठिणगीने दोन रिव्हेट अलगद कोरून काढले. धाकटीने कान रोलरमधून उलटा फिरवला. कान थोडा रुसला, कडेला फुगून बसला, पण लाकडी हातोड्याने तिने त्याची समजूत घातली. तो पत्र्यावर आडवा पडला तेव्हा अण्णांनी सवयीने हात जोडले, मग काजळी नाही हे बघून खाली घेतले, आणि थोडा विचार करून पुन्हा जोडले.

धाकटीने रेघ मारायला घेतली आणि थांबली. थोरल्याने पाडलेली दोन भोकं कानाच्या कडेला, जिथे गळ्याचा सांधा येतो, तिथेच होती. तिने खडूचं टोक त्या भोकांत घालून खालच्या पत्र्यावर दोन ठिपके काढले.

"हे कशाला?" थोरल्याने विचारलं.

"सांध्याचे पहिले दोन रिव्हेट इथे. मारायचे तू."

"मी?"

"मला दोन हात आहेत, दादा. एकाने गळा धरायचा, दुसऱ्याने शिडी. बंदूक काय दातात धरू?"

उन्हं कलली तेव्हा गळा भट्टीवर बसला. खाली चौकोनी, वर गोल, वीतभर डावीकडे. बेकरीवाल्या बाईंनी तपासायला म्हणून थोडी लाकडं पेटवली, आणि धूर असा सरळ वर गेला की वरून चाललेल्या ढगाने बाजूला होऊन त्याला वाट दिली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी.

दुकानात परतलो तर कारखानेवाला तिथेच बसून होता, फाइल मांडीवर. हात वर करता येत नसल्यामुळे त्याला कुणाला हात करून निघताही आलं नसावं. त्याच्या हातात चहा होता आणि तो कोमट होता.

"सकाळचा जास्त गरम होता म्हणे," तो म्हणाला.

"सकाळी आडोसा होता," अण्णा म्हणाले. त्यांनी त्याच्या फाइलमधला शाईचा थेंब पडलेला कागद काढला, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. "दुकानाचं आता यांना विचारा. मी घरी चाललो."

कारखानेवाल्याने धाकटीकडे पाहिलं, मग थोरल्याकडे. "दुकान राहू द्या," तो म्हणाला. "तसला आडोसा मला एक मिळेल का? आमच्याकडेही बोळात वारा येतो."

थोरल्याने कोपऱ्यातून एक पत्रा ओढला, टेबलावर टाकला, आणि कात्रीला हात लावायच्या आधी त्याच्यावर खडूने हातभर मोठी खूण केली.

हत्तीचा कान आता पुन्हा खिळ्यावर असतो. त्याच्यावरही खूण आहे, एवढी ठळक की ती रस्त्यापलीकडून माझ्या दुकानातून वाचता येते, शटर अर्धं असलं तरी. आणि नवा गळा बसवून झाला की बेकरीवाले हमखास विचारतात, सांध्याचे बाकीचे रिव्हेट एका ओळीत, मग सुरुवातीचे हे दोन सरळच, पण जरा ओळीबाहेर का?

धाकटी कपाळावरचा घाम पुसते आणि सांगते, "ती आमच्या दादाची सही आहे."